चालक क्रमांक दोन

१

सोमवार, बुधवार आणि शनिवार. आठवड्याचे हे तीन दिवस तिचे नव्हतेच. ते बाबांच्या मूत्रपिंडांचे होते. साडेदहाला घर सोडायचं, अकराला बाबांना डायलिसिसच्या वॉर्डात खाटेवर चढवायचं, मशीन चार तास चालणार, मग त्यांना घेऊन घरी. उरलेल्या दिवशी ती आपलं चष्म्याचं दुकान उघडायची आणि लोकांचे डोळे तपासायची. गेली दोन वर्षं हे घड्याळासारखं चाललं होतं.

त्या सोमवारी गाडीजवळ पोचताना तिच्या हातातून चावी निसटली. वाकून उचलणार एवढ्यात दुसऱ्या हातातली व्हीलचेअर उतारावर दोन वीत पुढे गेली आणि चाक चावीवरून गेलं. बिस्कीट मोडावं तसा आवाज झाला.

"काय मोडलं?" बाबांनी विचारलं.

"माझं नशीब," ती म्हणाली.

चावी म्हणजे बटणांचा तो काळा गोटा. वरचं कवच उभं चिरलं होतं, आतली हिरवी पट्टी दिसत होती. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, नाही. मग तिला आठवलं, की अशा चावीच्या पोटात अडीअडचणीसाठी एक खरीखुरी धातूची चावी असते. नखं मोडून घेत तिने ती बाहेर ओढली, दरवाजा उघडला. गाडी मात्र सुरू होईना. चिरलेला गोटा गाडी सुरू करायच्या बटणाला अगदी चिकटवून धरला तेव्हा कुठे इंजिन गुरगुरलं.

मागच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून ते नेहमी मागेच, पाय आडवा टाकून बसतात. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. मागे बसायची त्यांना मनापासून चीड होती आणि ती चीड ते तिच्या ड्रायव्हिंगवर काढायचे.

"सगळे बसले," ते नेहमीसारखं म्हणाले. "निघ."

वॉर्डात पोचायला अठरा मिनिटं उशीर झाला आणि सिस्टरांची बोलणी खावी लागली.

२

मंगळवारी दुकान बंद ठेवून ती गाडीच्या शोरूममध्ये गेली. काउंटरवरच्या माणसाने चिरलेली चावी दोन बोटांत धरून, मेलेला किडा बघावा तशी बघितली.

"नवी मागवावी लागेल मॅडम. तीन आठवडे."

"तीन आठवडे? मला उद्या गाडी लागणार आहे."

"हिच्यावर चालतेय तोवर चालवा. आणि येताना दुसरी चावी घेऊन या. दोन्ही असल्याशिवाय नवी जोडता येत नाही."

"दुसरी नाहीये. गाडी जुनी घेतलीय. आम्हाला एकच मिळाली होती."

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "दोन आहेत मॅडम."

"अहो, माझ्याकडे एक आहे!"

"सिस्टीममध्ये दोन आहेत," तो म्हणाला. जणू खोटं ती बोलत होती, सिस्टीम नाही.

बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला. गाडी त्यानेच बघून दिली होती. तो कामात होता, हे त्याने तीनदा सांगितलं.

"दादा, आधीच्या मालकाने चावी एकच दिली होती ना?"

"एकच. दुसरी हरवली म्हणाले."

"मग फोन करून विचार ना त्याला, सापडली का म्हणून."

"अगं, तो गेला. गाडी विकली त्याच महिन्यात. त्याच्या बायकोने विकली खरं तर. मी सांगितलं होतं ना तुला?"

त्याने सांगितलं नव्हतं. पण त्याच्याशी वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

३

बुधवारी ती एकटीच आधी खाली आली, गाडी दाराशी आणून लावायला. चावी पर्समध्ये होती. तिच्यातला सेल तिने रात्रीच काढून ठेवला होता. नवा घालायचा होता आणि नेमका तो मापाचा निघाला नव्हता. गाडी दहा पावलांवर असताना तिचे दिवे लुकलुकले आणि कुलूप खट्‌कन उघडलं.

ती थबकली. मग वाटलं, चला, कधी नव्हे ती मेहेरबानी झाली.

आत बसल्यावर समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. एरवी तिथे 'स्वागत, चालक एक' येतं. आज 'स्वागत, चालक दोन' आलं. तिला त्याचा अर्थ लागायच्या आत तिची सीट हलली.

या गाड्यांमध्ये प्रत्येक चावीची आठवण साठवलेली असते: सीट किती पुढे, किती वर, बाहेरचे आरसे कसे. ज्याची चावी, त्याच्या मापाने सगळं आपोआप जुळतं. सीट घुर्रर्र करत पुढे सरकू लागली. आता थांबेल म्हणून तिने वाट पाहिली. सीट काही थांबेना. गुडघे खालच्या पत्र्याला टेकले, छाती स्टिअरिंगला भिडली, स्टिअरिंगची कड बरगडीत रुतली. तेव्हा कुठे मोटर बंद पडली. मग दोन्ही बाजूंचे आरसे हलकेच आत वळले.

"अगं बाई गं!" ती ओरडली. भीतीने नव्हे, दुखलं म्हणून.

बाजूचं बटण कसंबसं चाचपून तिने सीट मागे घेतली. चाकाखाली चिरडलेली चावी. आतला एखादा तुकडा दुसऱ्या तुकड्याला चिकटला असेल आणि गाडी एकाची दोन समजत असेल. एवढंच. लोकांना एकाचे दोन दिसतात, तेव्हा ती त्यांना काय सांगते? घाबरायचं कारण नाही, भिंग बदलू.

बाबांना बसवून ती निघाली. वळणावर ब्रेक जरा जोरात लागला. नेहमी अशा वेळी मागून 'बैलगाडी आहे का?' असं यायचं. आज काहीच आलं नाही. तिने आतल्या आरशात पाहिलं. बाबा दाराला अगदी चिकटून बसले होते. मधली जागा रिकामी असताना पाय अवघडून, अंग चोरून.

"नीट बसा ना बाबा. पाय दुखेल."

"बरा आहे," ते म्हणाले. "तू पुढे बघ."

४

गुरुवारी गाडी बंदच होईना. म्हणजे इंजिन बंद झालं, कुलूप लागेना. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ती उतरली, दार लावलं, दाराच्या मुठीवरचं बटण दाबलं, आणि गाडी पीं-पीं-पीं करून ओरडली. पडद्यावर आलं: 'चावी गाडीत राहिली आहे.'

"चावी माझ्या हातात आहे, मूर्ख!" ती गाडीला म्हणाली. समोरच्या शिंप्याने मान वर करून बघितलं.

तिने चावी दुकानात नेऊन गल्ल्यात ठेवली. परत येऊन बटण दाबलं. पीं-पीं-पीं. चावी गाडीत आहे.

मग तिने शोध घेतला. पायपुसणी उचलली, डिकी रिकामी केली, सीटच्या फटींत हात घातला. बाबांच्या गोळीच्या पाकिटाची चांदी निघाली, एक रुमाल निघाला, चष्म्याचा स्क्रू निघाला. चावी नाही. तासभराने घामाघूम होऊन ती पुढच्या सीटवर येऊन बसली, आणि गाडीने आपली खोड पुन्हा दाखवली. चालक दोन. घुर्रर्र.

या वेळी तिने सीट मागे घेतली नाही. राग होताच, पण आता एक हट्टही होता. डोळा, आरसा आणि समोरची वस्तू यांचा हिशेब हे तिचं रोजचं काम. कोण माणूस अशी सीट लावेल, हे तिला कळायला हवं होतं. ठेंगणा असेल तर सीट पुढे घेईल, मान्य. पण मग उंचही करेल. ही सीट जाईल तेवढी खाली होती. या जागेवरून ब्रेकवर पाय दाबायलाच जागा नव्हती.

तिने बाहेरच्या आरशात पाहिलं. आपल्या नेहमीच्या जागेवरून त्यात फक्त स्वतःच्या गाडीच्या दाराची मूठ दिसत होती, म्हणून तिला ते बिघडलेले वाटले होते. पण आता, छाती स्टिअरिंगला टेकलेली, मान किंचित खाली, तिथून आरशात एक काच बरोबर चौकटीत बसली होती. मागच्या दाराची काच. तिने पलीकडच्या आरशात पाहिलं. तिथेही तेच. पलीकडच्या मागच्या दाराची काच, काठोकाठ.

रस्ता दोन्ही आरशांत कुठेच नव्हता. ज्याने कुणी ते लावले होते, त्याला गाडी चालवायची नव्हती. त्याला मान न वळवता मागे कोण बसलंय ते बघायचं होतं.

किंवा मोटर बिघडली होती आणि ती शेवटपर्यंत फिरून थांबत होती. हेही शक्य होतं. तिने हे दुसरं कारण मनात घट्ट धरलं आणि खाली उतरली.

५

चावीवाला शुक्रवारी दुपारी बाराला तिच्या इमारतीच्या आवारात आला. पन्नाशीचा, बोलका माणूस. खांद्याला पिशवी, हातात पडदा असलेलं एक यंत्र. आकडे वाचताना तो ते हातभर लांब धरत होता.

"तुमचा नंबर वाढलाय," ती सवयीने म्हणाली.

"तुमची गाडी सुटू दे ताई, मग येतो दुकानात." तो हसला. "शोरूमवाल्यांचं काही ऐकू नका. दुसरी चावी कशाला हवी? मी गाडीच्या डोक्यातल्या सगळ्या चाव्या पुसून टाकतो. मग गाडीत जी चावी प्रत्यक्ष हजर असेल तेवढीच नव्याने ओळखायला लावायची. जुनी कुणाकडे असली तरी बाद."

त्याने आणलेली नवी चावी पुढच्या खळग्यात ठेवली. चिरलेली तिने दूर, जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. त्याने यंत्राची वायर गाडीला जोडली, चार-पाच बटणं दाबली. गाडीने एक लांब शीळ घातली.

"पुसल्या. आता शून्य चाव्या." थोडा वेळ गेला. "हां, ओळखली. आता किती..." त्याने यंत्र आणखी लांब धरलं. "ताई, जरा तुम्ही वाचा."

तिने वाचलं. दोन.

"अजून एक चावी आहे आत," तो म्हणाला.

"कालच सगळी गाडी उलटीपालटी केली मी!"

"आहे म्हणजे आहे. हजर असल्याशिवाय घेतच नाही ती." आता त्याला चेव आला. "थांबा, कुठे आहे तेही सांगतो. गाडीला कान असतात. पुढे एक, मागे एक, डिकीत एक. चावी कुठल्या कानाला जवळ आहे ते यंत्रावर दिसतं." त्याने बटण दाबलं. "मागे. मागच्या सीटवर. मधोमध."

दोघांनी मिळून मागची सीट काढली. खाली धूळ आणि पत्रा. त्याने रिकाम्या पत्र्यावर तळहात फिरवला, मग तो हात झटक्यात मागे घेतला आणि पँटला पुसला.

"काय झालं? लागलं का?"

"नाही. ऊन आहे ना, पत्रा तापलाय."

गाडी सावलीत होती.

सीट परत बसवून त्याने पुन्हा बटण दाबलं. यंत्राकडे बघताना त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ती मागच्या दाराशी उभी होती.

"ताई, तुमच्याकडे आहे का चावी? अंगावर?"

"नाही. का?"

"पुढे सरकली," तो म्हणाला. "मागे होती ती आता पुढे दाखवतेय. चालकाच्या जागी."

दोघांनीही पुढच्या सीटकडे पाहिलं. कुणी नव्हतं. इमारतीत कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

चावीवाल्याने वायर काढली, गुंडाळली, पिशवीत कोंबली. "नवी चावी चालतेय तुमची," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दुसरीचं मला विचारू नका." पैशांचं बोलणं तर सोडाच, त्याने आपला स्क्रूड्रायव्हरसुद्धा तिथेच टाकला.

६

शनिवारी तिने ठरवलं होतं की गाडीला हात लावायचा नाही. पावणेनऊपासून ती फोनवर होती. एक टॅक्सीवाला आला, व्हीलचेअर आणि आडवा पाय बघून निघून गेला. दुसरा आलाच नाही. हॉस्पिटलची गाडी मंगळवारपर्यंत भरलेली होती. दादा फोन उचलत नव्हता. बाबांचे पाय सकाळी सुजलेले होते आणि बोलताना त्यांना मध्येमध्ये थांबावं लागत होतं. एक पाळी चुकली की पाणी छातीत चढतं, हे डॉक्टरांनी तिला अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

दहा पस्तीसला तिने नवी चावी उचलली. रडू येत होतं ते रागाचं. एक साधी चावी! जगात माणसं चाव्या हरवतात, मोडतात, नवी करून घेतात आणि विसरून जातात.

दार नीट उघडलं. 'स्वागत, चालक एक.' सीट जागची हलली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. बाबांना मागे बसवलं, व्हीलचेअर डिकीत टाकली.

"सगळे बसले," बाबा धापा टाकत म्हणाले. "निघ."

तिसऱ्या सिग्नलला लाल दिवा होता. तिच्या मागे बस, बाजूला टेम्पो. तिने हात स्टिअरिंगवर ठेवले होते, आणि पडद्यावरची अक्षरं बदलली. घुर्रर्र. सीट पुढे निघाली. तिने बाजूचं बटण मागे ओढलं, सीट ऐकेना. छाती चाकाला टेकली, मान आपोआप खाली झुकली, आणि आरसे आत वळले. तिला डोळे मिटता आले असते. पण दिवसाकाठी वीस माणसांना ती सांगते, डोळे उघडे ठेवा, सरळ बघा. तिने बघितलं.

पलीकडच्या आरशात काचेआड बाबांचा चेहरा दिसला. दाराला चिकटलेला. घामेजलेला. आणि त्यांच्या खांद्यामागे, मधल्या जागेवर, कुणीतरी बसलं होतं. कोपरं गुडघ्यांवर, मान खाली. दवाखान्याच्या बाकावर फार वेळ नंबर न लागलेला माणूस बसतो तसं. केस मधोमध विंचरलेले. तेवढंच दिसलं. मग ते डोकं सावकाश वर यायला लागलं.

मागून बसने हॉर्न दिला. हिरवा झाला होता. तिने समोर पाहिलं आणि तशाच अवस्थेत, बरगडी चाकात रुतवून, पाय वाकडे करून गाडी पुढे काढली. मागे वळून बघितलं नाही.

"बाबा," पुढचं वळण घेऊन ती म्हणाली. "कधीपासून?"

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. "चावी मोडली त्या दिवसापासून."

"मला बोलला का नाहीत?"

"बोलून काय केलं असतंस? तू आधीच वैतागलेली." ते थांबले, श्वास घेतला. "त्रास देत नाही. आणि असं आहे, मी तीस वर्षं गाडी चालवली. बसलेल्या माणसाला मध्येच उतरवत नाहीत. त्याला कुठे जायचंय तेवढं विचारायचं."

"विचारलंत?"

हॉस्पिटलचं फाटक आलं होतं.

७

वॉर्डबॉय बाबांना वर घेऊन गेला. तिने गाडी आवाराच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून लावली. चावी हातात घेऊन उतरली, दार लावलं आणि कुलूप लागण्याची वाट न बघता चालायला लागली. लागलं तर लागो. कुणी चोरून नेली तर त्याचे पाय धुवावेत, असं तिला वाटत होतं. जिना चढता चढता तिने दादाला निरोप टाकला: गाडी इथे आहे, येऊन घेऊन जा, मी तिच्यात बसणार नाही. परत जायला मात्र काय करायचं, हे तिला अजून माहीत नव्हतं.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. बारा खाटा, बारा मशीनं, सगळीकडे तोच मंद घरघराट. बाबांच्या हातात सुया लागल्या होत्या. रक्त नळीतून निघून मशीनकडे चाललं होतं. ती स्टुलावर बसली आणि गेल्या पाच दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

वीस मिनिटांनी खाली हॉर्न वाजला.

छोटासा. उगाच दाबून धरलेला नाही, बोलावणारा. थोडा वेळ गेला आणि पुन्हा एक.

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. ती मशीनकडे बघत राहिली. शहरात हजारो गाड्या आहेत, हजारो हॉर्न आहेत.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सिस्टर वैतागून खिडकीशी गेल्या. "हॉस्पिटल आहे का बाजार? कुणाची गाडी ही?" त्यांनी खाली डोकावलं, आणि मग वळून तिला म्हणाल्या, "ती भिंतीजवळची तुमचीच ना? अहो, तुमच्याबरोबरचे आहेत ना गाडीत, त्यांना सांगून यायचं ना किती वेळ लागेल ते. ताटकळलेत बिचारे."

चावी मुठीत होती. मूठ इतकी आवळली होती की तिच्या कडा तळव्यात रुतल्या.

"सिस्टर," बाबाच म्हणाले, अगदी हळू. "जरा तुम्हीच सांगता का?"

सिस्टरांनी खिडकी सरकवली. बाहेर वाकल्या, हात लांब केला आणि खाली बघत चार बोटं दाखवली. चार तास. मग जरा थांबल्या, खालून कुणी काही म्हणत असावं तशा, आणि मान डोलावली.

हॉर्न थांबला.

"कळलं त्यांना," खिडकी लावत सिस्टर म्हणाल्या. "थांबतो म्हणाले."